जिमखान्याचे खेळ शिकायचेत? आधी जाणता घोडा गाठा

जिमखाना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे क्रिकेटचं मैदान आणि बॅडमिंटनचं कोर्ट येतं. घोडेवाल्यांच्या बोलण्यात मात्र जिमखाना म्हणजे घोड्यावर बसून खेळायचे खेळ. पिंपांना वळसे घालत पळायचं, खांबांमधून नागमोडी जायचं, धावत्या घोड्यावरून झेंडा उचलून पुढच्या पिंपात टाकायचा. शब्द आपल्याच मातीतला आहे. ‘गेंदखाना’वरून तो इंग्रजांच्या तोंडी बसला असं कोशकार मानतात. तिकडे अमेरिकेत या खेळांना सरळ ‘गेमिंग’ म्हणतात आणि त्यासाठी तयार केलेल्या घोड्याला ‘गेम हॉर्स’.

मी पुण्याजवळच्या एका छोट्या पागेत हे खेळ शिकले, तेही पस्तिशी उलटल्यावर. मला शिकवलं ते मल्हार नावाच्या सतरा वर्षांच्या घोड्याने. कोच होते, घोड्यांची निगा राखणारे सईस मामा होते, पण खरा मास्तर तोच. सुरुवातीच्या सहा महिन्यांत मी बऱ्याच चुका अशा केल्या की कुणी आधी सांगितलं असतं तर माझा वेळ वाचला असता आणि मल्हारच्या तोंडाला त्रास झाला नसता. दुसरी गोष्ट मला जास्त लागते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

1. आधी बारगीर व्हा

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. नवशिक्याने बारगीरच व्हावं. पहिलं दीड-दोन वर्ष घोडा विकत घेण्याचा विचार मनात आणू नका. सारंगखेड्याच्या जत्रेत दत्तजयंतीच्या सुमारास फेरी मारा, देखणी जनावरं डोळे भरून पाहा आणि रिकाम्या हाताने परत या.

पागा निवडताना मी आता या गोष्टी बघते. घोड्यांपुढे वैरण आणि स्वच्छ पाणी आहे का? जिनाखाली पाठीवर जखमा किंवा पांढरे डाग आहेत का? (जुन्या जखमेवर केस पांढरे उगवतात, तो डाग खोटं बोलत नाही.) सईस जवळ गेल्यावर घोडे कान मागे पाडतात की मान पुढे करतात? तिथला कोच पहिल्याच दिवशी ‘चला, पळवू या’ म्हणत असेल तर नमस्कार करून निघा.

आणि माथेरानला किंवा महाबळेश्वरला घोड्यावर बसला असाल तर ते कोचला जरूर सांगा, पण त्यावरून आपल्याला घोडेस्वारी येते असं धरून चालू नका. तिथे घोडा त्याच्या माणसाच्या मागे, रोजच्या वाटेने चालतो.

2. जाणता घोडा कसा ओळखायचा

जाणता घोडा म्हणजे म्हातारा घोडा नव्हे, आणि दमून गप्प झालेला तर नव्हेच. या खेळांसाठी साधारण बारा ते वीस वर्षांचा, पूर्वी स्पर्धा खेळलेला, अजून पाय धड असलेला घोडा उत्तम. आपल्याकडे असे बरेचसे घोडे रेसकोर्सवरून निवृत्त होऊन नव्याने शिकवलेले थरोब्रेड असतात. काही काठियावाडी-मारवाडी असतात, काही मिश्र. जातीपेक्षा स्वभाव बघा.

मी स्वतः कुणासाठी घोडा बघायला जाते तेव्हा कोचला त्याच्यावर बसायला सांगते आणि बाहेरून चार गोष्टी पाहते:

- फाटकापाशी लगाम सैल सोडून दोन मिनिटं शांत उभा राहतो का?
- एक पिंप वळून झाल्यावर चालीवर, म्हणजे साध्या चालण्यावर, येतो का, की पुढच्या पिंपाकडे आपणहून झेपावतो?
- दोन्ही बाजूंना सारखाच वळतो का?
- पाठीवर बसणाऱ्याचा तोल गेला की काय करतो?

शेवटचा मुद्दा सगळ्यांत मोलाचा. मल्हारवर माझा तोल पहिल्यांदा गेला तेव्हा मी त्याच्या उजव्या खांद्यावरून घसरायला लागले होते. तो उजवीकडे एक पाऊल सरकला आणि थांबला. मी परत जिनाच्या मधोमध आले. सईस मामा कुंपणापाशी उभे होते. म्हणाले, “ताई, त्याने सांभाळून घेतलं तुम्हाला. आता तुम्ही त्याला सांभाळा, हात खाली घ्या.” मी तोल सावरायला लगाम धरून लोंबकळत होते आणि त्याचं तोंड उघडं पडलं होतं.

वजनाचा हिशेबही आधीच करा. स्वार, जीन आणि बाकी सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ नये, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. 400 किलोच्या घोड्यावर 80 किलो. घोडा वयस्कर असेल, पाठ कमजोर असेल तर त्याहून कमी. हे विचारायला लाजू नका आणि कोचने सांगितलं तर रागावू नका.

3. कागदपत्रं आणि सामान

पागेत नाव घालताना लागतात:

- ओळखपत्र आणि दोन फोटो
- डॉक्टरांचा फिटनेस दाखला (पाठीचं किंवा मणक्याचं जुनं दुखणं असेल तर ते लपवू नका)
- संमतिपत्र, अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या सहीचं
- रक्तगट आणि घरच्या माणसाचा नंबर, पागेच्या वहीत लिहिलेला
- धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याची नोंद. तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, त्यामुळे ही बाब टाळू नका.

अपघात विमा असेल तर पॉलिसी काढून एकदा नीट वाचा. अनेक पॉलिसींमध्ये घोडेस्वारी ‘साहसी खेळां’त मोडते आणि वगळलेली असते. संमतिपत्रावरही डोळे मिटून सही करू नका. पडल्यावर जवळचं रुग्णालय कोणतं, गाडी कोण नेणार, हे तोंडी विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं. मनगट मुरगळलं त्या दिवशी अर्धा तास नुसती फोनाफोनी चालली होती.

सामानात हेल्मेटवर तडजोड नाही. क्रिकेटचं, सायकलचं, मोटरसायकलचं हेल्मेट इथे चालत नाही. घोडेस्वारीचंच हवं, आतल्या लेबलवर एएसटीएम एफ 1163 किंवा पास 015 यांपैकी एखादं मानक छापलेलं. एकदा डोक्यावर जोराने पडलात की ते हेल्मेट बाद, बाहेरून कितीही नवं दिसलं तरी. बूट टाचेचे, साधारण इंचभर टाच, तळवा गुळगुळीत. स्पोर्ट्स शूज घालून रिकिबीत पाय घालू नका. पाय आरपार घुसून अडकतो आणि पडल्यावर घोडा तुम्हाला फरफटत नेऊ शकतो. पँट आतल्या बाजूला शिवण नसलेली घ्या. हातमोजे घ्या. ओढणी, लोंबते कानातले, अंगठ्या घरी ठेवा.

बाकी खोगीर, लगाम पागेचंच वापरा. लगामाचं बिट (घोड्याच्या तोंडात बसणारा भाग) साधं, सौम्य स्नॅफल प्रकारचं असावं. ‘हा फार जोरात पळतो, म्हणून कडक बिट लावलंय’ असं कुणी सांगितलं तर तो घोडा नवशिक्यासाठी नाही.

4. पाठीवर बसण्याआधी खरारा

पहिले पंधरा दिवस मला खरारा (घोडा घासून साफ करायचा ब्रश) हातात देऊन उभं केलं होतं. पैसे घोड्यावर बसायचे भरले आणि काम मोतद्दाराचं, असं तेव्हा वाटलं होतं. आता कुणी नवं आलं की मीच त्यांच्या हाती खरारा देते.

घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण थेट नाकासमोरचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून डाव्या खांद्याकडून, बोलत बोलत जवळ जा. मागून जायचं झालं तर एक हात पुठ्ठ्यावर, म्हणजे शेपटीजवळच्या मागच्या भागावर, ठेवून अगदी अंगाला लागून जा किंवा चांगलं दहा-बारा फूट लांबून. मधलं अंतर लाथेचं.

खरारा करताना हाताला सगळं कळतं. कुठे सूज आहे, कुठे कातडी थरथरते, कुठे हात लावला की कान मागे जातात. चारही पाय गुडघ्यापासून खाली तळहाताने चाचपा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर त्या दिवशी स्वारी नाही. खूर उचलून खडे काढा, नाल हलते का बघा. साधारण दीड महिन्याने नालबंद यायला हवा. पिंपाच्या वळणावर सगळा भार पायांवर येतो, ढिली नाल तिथेच निसटते.

तंग (जीन बांधायचा पोटाखालचा पट्टा) एकदम आवळू नका. अनेक घोडे तंग लागताना पोट फुगवतात. आधी सैल बांधा, घोड्याला चार पावलं चालवा, परत एक भोक आवळा, आणि पाठीवर बसण्याआधी शेवटचं. बसल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा तपासा. जीन फिरून माणूस पोटाखाली गेलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

5. मांड

मराठीत मांड पक्की असणं हा वाक्प्रचार आहे तो उगाच नाही. खेळ सुरू करण्याआधी चाल, दुडकी (ट्रॉट) आणि कँटर (संथ दौड) या तिन्हींत तुम्ही लगामाला न लोंबकळता बसू शकलं पाहिजे. हे शिकायला लंजसारखी दुसरी जागा नाही. कोच मध्ये उभा राहून लांब दोरीवर घोड्याला गोल फिरवतो, घोडा त्याच्या ताब्यात असतो, आणि तुम्ही फक्त बसायचं. आधी लगाम सोडून, मग हात आडवे पसरून, मग रिकिबी काढून.

जाणत्या घोड्याचा सगळ्यांत मोठा फायदा इथे आहे. तो एकाच लयीत चालत राहतो. दुडकीची दोन ठोक्यांची लय, कँटरची तीन ठोक्यांची. लय कायम असली की आपलं अंग कुठे चुकतं ते कळतं. नव्या घोड्यावर लय तुटली की त्याची चूक की आपली, हे शोधण्यातच दिवस जातो.

कधी पुढे जाल याची माझी खूण अशी: एका हातात पाण्याने पाऊण भरलेला पेला धरून रिंगणात एक फेरी बसत्या दुडकीने पूर्ण झाली आणि निम्मं पाणी तरी उरलं. मला साडेतीन महिने लागले. कुणाला दोन लागतील, कुणाला सहा.

थांबणं पळण्याआधी शिका. दीर्घ श्वास सोडायचा, कंबर जड करायची, मग लगाम. शिवाय घोडा उधळला तर एकाच बाजूचा लगाम हळूहळू आखडत त्याला लहान होत जाणाऱ्या गोलात वळवायचं, हे चालीवर निदान शंभर वेळा करून ठेवा. दोन्ही लगाम एकदम खेचून बसलं की घोडा त्यावर रेलून आणखी पळतो.

6. खेळ आधी पायी खेळा

पार्किंगमध्ये तीन बादल्या ठेवा आणि चालत आखणी पाठ करा. शेजारीपाजारी बघतील, बघू द्या. घोड्यावर बसल्यावर ‘आता डावीकडे की उजवीकडे’ हा विचार करायला वेळ नसतो, आणि तुमचा घोटाळा घोड्याला तुमच्या खांद्यांतून लगेच कळतो.

तीन पिंपांच्या खेळाची पूर्ण मापाची आखणी अशी असते: पहिल्या आणि दुसऱ्या पिंपात 90 फूट, त्या दोघांपासून तिसरं पिंप 105 फूट, आणि सुरुवातीच्या रेषेपासून पहिली दोन पिंपं 60 फूट. पिंप आपल्या नेहमीच्या 200 लिटरच्या ड्रमएवढं. उजव्या पिंपाला उजवं वळण घेऊन सुरुवात केली तर पुढची दोन्ही वळणं डावी. डाव्या पिंपापासून सुरुवात केली तर उलट. तिन्ही झाली की सरळ सुरुवातीच्या रेषेकडे. रोडिओच्या (अमेरिकेतल्या गुराख्यांच्या स्पर्धांच्या) नियमांत पिंप पडलं तर 5 सेकंदांचा दंड. जागा लहान असेल तर सगळी मापं त्याच प्रमाणात कमी करा. सुरुवातीला पिंपांऐवजी प्लॅस्टिकचे शंकू वापरा, गुडघे वाचतात.

7. पिंपं: चालीवर एक महिना

पहिल्या दिवशी मी पिंपाकडे बघत गेले. मल्हार सरळ पिंपाकडे गेला. अगदी त्याला खेटून थांबला, मान वाकवून पिंपाचा वास घेतला आणि उभा राहिला. कोच म्हणाले, “तुम्ही सांगितलं तिथे आणलं त्याने.” मी काहीच सांगितलं नव्हतं असं मला वाटत होतं. पण डोळे पिंपावर, म्हणून हनुवटी तिकडे, म्हणून खांदा तिकडे, म्हणून कंबरेचं वजन तिकडे. जाणता घोडा इतकं बारीक ऐकतो. तो चुकला असं वाटलं की आधी आपण काय बोललो ते आठवायचं.

वळणाचा क्रम चालीवर असा घोटा:

पिंपाच्या थेट रोखाने जाऊ नका. बाजूला पाच-सहा फुटांची जागा ठेवून या. नजर पिंपापलीकडच्या जमिनीवर, जिथून बाहेर पडायचं तिथे. घोड्याचं डोकं पिंपाच्या रेषेत आलं की खोल बसा, म्हणजे तो वेग आवरून मागच्या पायांवर येतो. तुमची पिंडरी पिंपाला समांतर आली की मगच वळा. आतला पाय तंगापाशी टेकवून ठेवा, घोड्याची बरगडी त्या पायाभोवती वाकली पाहिजे. बाहेरचा लगाम साफ सोडून देऊ नका. वळण अर्ध्यावर आलं की नजर पुढच्या पिंपाकडे.

नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे घाई करून आतला लगाम आधीच ओढणं. त्याने घोड्याचा खांदा आत पडतो आणि पिंप तुमच्या गुडघ्यावर बसतं. दुसरी चूक आत झुकण्याची. मोटरसायकल वळवताना झुकतो तसं इथे झुकायचं नाही. घोडा चार पायांवर आपला तोल स्वतः सांभाळतो, त्यात आपलं वजन टाकलं की त्याला ते पेलून वळावं लागतं.

चालीवर पाठोपाठ दहा वेळा पिंपाभोवती सारखंच अंतर राहिलं की दुडकी. दुडकीवर जमलं की कँटर. कँटरमध्ये एक गोष्ट वाढते: उजव्या वळणाला उजवी लीड, डाव्याला डावी, म्हणजे आतला पुढचा पाय आघाडीवर हवा. मल्हार पहिल्या आणि दुसऱ्या पिंपाच्या मध्ये आपणहून लीड बदलतो. मला फक्त सरळ बसून त्याला वाट द्यावी लागते. मला हे कळायला वेळ लागला. तो बदलायच्या क्षणीच मी काहीतरी ‘मदत’ करायचे आणि त्याचा पाय अडखळायचा. एके दिवशी कोचनी माझा डावा हात त्याच्या आयाळीत धरून ठेवायला लावला, काहीच करू दिलं नाही. त्या फेरीत माझ्या मांडीखाली त्याची पाठ उचलली गेली, क्षणभर चारही पाय हवेत असल्यासारखं वाटलं, आणि खाली आलो तेव्हा लीड बदललेली होती. इतकं हळुवार काही त्या अंगातून येत असेल याची मला कल्पना नव्हती.

8. खांब

सहा खांब, एका ओळीत, प्रत्येकात 21 फूट अंतर, पहिला खांब रेषेपासून 21 फुटांवर. आधी कडेने सरळ शेवटच्या खांबापर्यंत जायचं, वळायचं, नागमोडी परत, पहिल्या खांबाला वळसा, पुन्हा नागमोडी, आणि शेवटच्या खांबाला वळून सरळ रेषेकडे. पीव्हीसीचा सहा फुटी पाइप आणि तळाशी सिमेंट भरलेला डबा, झाला खांब. डब्याच्या कडा रबराने झाका.

इथे हात जवळजवळ वापरायचेच नाहीत. डावी-उजवी पिंडरी आळीपाळीने, आणि नजर नेहमी दोन खांब पुढे. जो खांब समोर आहे त्याच्याकडे बघत बसलात तर पुढचा चुकतो.

9. झेंडा उचलणं

घोड्याला झेंड्याची ओळख आहे का हे आधी जमिनीवर उभं राहून बघा. कानाजवळ कापड फडकलं की चांगला जाणता घोडाही कधी बुजतो. मग उभ्या घोड्यावरून झेंडा उचला, मग चालीवर. वाकताना लगाम धरलेला हात मानेवर टेकवा, नाहीतर वाकताना तोही खाली ओढला जातो. झेंडा काठीच्या वरच्या टोकाला धरा आणि टोक घोड्याच्या डोळ्यांपासून लांब ठेवा. हे खेळ शाळकरी मुलांना फार आवडतात. ब्रिटनमधला प्रिन्स फिलिप कप 1957 मध्ये सुरू झाला तोच मुळी साध्या तट्टांवर बसणाऱ्या मुलांसाठी. शिकायला महागडा घोडा लागत नाही, हे त्यातून दिसतं.

10. वेग, आणि तो किती वेळा

जाणता घोडा खेळ पाठ असल्यामुळे स्वतःच वेग घेतो. तुम्हाला वाटतं आपल्याला जमायला लागलं. हा सगळ्यांत मोठा सापळा आहे, मीही त्यात अडकले. खेळ सुरू केल्यावर तिसऱ्याच महिन्यात कँटरवर पूर्ण आखणी पळून आले, टाळ्या मिळाल्या. नंतर व्हिडिओ पाहिला तर प्रत्येक वळणावर माझे दोन्ही हात त्याच्या तोंडावर लटकलेले होते. घोडा माझ्यासकट खेळून आला होता.

खात्री करायची असेल तर एका फेरीत मुद्दाम घोड्याला अनपेक्षित असं सांगा. दुसऱ्या पिंपाशी न वळता सरळ जा आणि कुंपणापाशी थांबा. दुडकीत या आणि पिंपाशी चालीवर उतरा. तो ऐकतो का बघा. ऐकत नसेल तर वेग वाढवू नका.

पूर्ण वेगाची फेरी आठवड्यातून एक, फार तर दोन वेळा. रोज तेच पळवलं की घोडा फाटकापाशीच तापतो, उड्या मारतो, तोंड वर फेकतो. एका पागेत असा घोडा पाहिला, नावाजलेला होता. नंतर त्याला आत नेताना दोन माणसं लागायची. आम्ही मल्हारला पिंपांपाशी नेऊन नुसतं उभं करतो, मान खाली टाकून जांभई दिली की उतरतो आणि परत नेतो. काही दिवस तेवढाच सराव. बाकी दिवस शेतरस्त्याने लांब चाल.

11. त्याच्या पायांचा हिशेब

वयस्कर घोड्याला गरम व्हायला वेळ लागतो. आधी पंधरा-वीस मिनिटं लांब लगामावर चाल, मग मोठे गोल, मग खेळ. जमीन भुसभुशीत पण खोल नको. पावसाळ्यात वरून ओली आणि खालून कडक झालेली जमीन सगळ्यांत वाईट, वळणावर मागचे पाय सटकतात. आम्ही त्या दिवसांत पिंपं उचलूनच ठेवतो. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आटपायचं.

हे आकडे पाठ करा: निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44, श्वास 8 ते 16, ताप 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला दोन बोटांनी मिळते. काम संपवून दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर नाडी 60 च्या खाली उतरली नसेल तर काम जास्त झालं. पाणी त्याला हवं तेवढं, दिवसाला 25 ते 45 लिटर सहज लागतं, उन्हाळ्यात आणखी. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटाचं दुखणं जिवावर बेततं. पोटाकडे वळून बघणं, पुढच्या पायाने जमीन उकरणं, सारखं लोळणं, लीद न टाकणं यांतलं काही दिसलं की जनावरांच्या डॉक्टरांना लगेच फोन करायचा. ‘बघू सकाळी’ म्हणायचं नाही.

12. पहिली स्पर्धा

पागेतला किंवा क्लबचा छोटा जिमखाना घ्या. राष्ट्रीय पातळीवर जायचं असेल तर स्वार आणि घोडा दोघांचीही इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाकडे नोंदणी, घोड्याचा पासपोर्ट, आणि ग्लँडर्स व ईआयए (घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय) या रोगांच्या तपासणीचे निगेटिव्ह अहवाल लागतात. ग्लँडर्स माणसालाही होतो, त्यामुळे बाहेरचा घोडा आत घेताना कुणी अहवाल मागितला तर तक्रार करू नका. रक्ताचा नमुना वेळेत पाठवा, अहवाल यायला दिवस लागतात.

आपल्याकडे या खेळांचा थोरला भाऊ म्हणजे टेंट पेगिंग, धावत्या घोड्यावरून भाल्याने जमिनीतली मेख उचलायची. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत तो खेळ होता आणि त्यात रुपिंदरसिंग ब्रार यांनी सुवर्णपदक मिळवलं. खांब आणि झेंडा नीट जमल्यावर तिकडे वळता येतं, पण भाला हाती येईपर्यंत एका हाताने लगाम धरून सरळ रेषेत चौखूर जाता आलं पाहिजे.

स्पर्धेच्या दिवशी दोन तास आधी पोचा. घोड्याला मैदानाची कड फिरवून दाखवा, मांडव, कर्णा, फडकणारे बॅनर सगळं. आखणी पायी चाला. पहिल्या स्पर्धेत वेळ बघू नका. दुडकीवर जा, एकही पिंप न पाडता परत या. माझी पहिली फेरी मी दुडकीवरच केली. बाहेर आल्यावर उतरले, तंग दोन भोकं सैल केला, लगाम मानेवरून काढून हातात घेतला. सईस मामांनी बादली आणली. मल्हारने आधी नाक बुडवून पाणी हलवलं, मग प्यायला, आणि ओलं तोंड माझ्या बाहीला पुसलं. मग आम्ही तिघं मैदानाच्या कडेने त्याचा श्वास बसेपर्यंत चालत राहिलो.